आपल्या गावचा जॉनी वॉकर



मागच्या महिन्यात आमच्या टीमला नवा लीड मिळाला. माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान. पाच वर्षं त्या प्रॉडक्टचे बग मी काढले, रात्री-अपरात्री सर्व्हर बंद पडला की फोन मलाच यायचा. पण लीड झाला तो. मुलगा चांगला आहे, त्याच्याबद्दल तक्रार नाही. तरी त्या रविवारी मी तोंड पाडून बसले होते. पोह्यांवर जिरावण घालायलाही विसरले, तेव्हाच आईने ओळखलं की काहीतरी बिनसलंय.

बाबा टीव्हीवर ‘आनंद’ बघत होते. म्हणाले, “अगं, बस जरा. आपल्या इंदूरचा माणूस आहे यात.”

“कोण, राजेश खन्ना?”

“छे! जॉनी वॉकर.”

खरं सांगते, मला हे माहीत नव्हतं. बद्रुद्दीन जमालुद्दीन काझी हे त्यांचं खरं नाव, जन्म इंदूरचा. वडील इथे कापड गिरणीत होते. गिरणी बंद पडली आणि दहा मुलांचं कुटुंब मुंबईला गेलं. गिरणी बंद पडणं म्हणजे काय, हे इंदूरकरांना वेगळं सांगायला नको. माझ्या आजोबांची गिरणी बंद पडली, तेव्हाच्या गोष्टी आमच्या घरात अजून निघतात.

बद्रुद्दीनची शाळा सहावीत सुटली. मुंबईत त्याने बर्फाचे गोळे विकले, भाजी-फळं विकली आणि मग बसमध्ये कंडक्टर झाला. प्रवाशांना हसवत, नकला करत तिकिटं फाडायची. मनात एकच आशा, की सिनेमातलं कुणीतरी बघेल. बघितलं बलराज साहनींनी. तेव्हा ते गुरु दत्त यांच्या ‘बाजी’ची पटकथा लिहीत होते. त्यांच्या सांगण्यावरून बद्रुद्दीनने गुरु दत्तसमोर दारुड्याची नक्कल केली आणि १९५१च्या ‘बाजी’त काम मिळवलं. व्हिस्कीवरून ‘जॉनी वॉकर’ हे नाव दिलं तेही गुरु दत्त यांनीच. गंमत म्हणजे या माणसाने आयुष्यात दारूला हात लावला नाही!

पुढे ‘आर पार’, ‘सी.आय.डी.’, ‘प्यासा’. ‘प्यासा’तल्या तेलमालिशवाल्याचं गाणं आमच्या आजीलाही पाठ आहे. ‘मधुमती’साठी सहायक अभिनेत्याचं फिल्मफेअर मिळालं, ‘शिकार’साठी विनोदी भूमिकेचं.

“म्हणजे दुय्यम भूमिकेत समाधान मानायचं, असंच ना?” मी जरा फणकाऱ्यानेच विचारलं.

“मी कुठे तसं म्हटलं? १९५७मध्ये त्याच्याच नावाचा सिनेमा आला, ‘जॉनी वॉकर’. त्यात हिरो तोच होता. संधी आली तेव्हा त्याने घेतली. पण त्याची किंमत हिरो होण्यावर अवलंबून नव्हती,” बाबा म्हणाले.

तेवढ्यात तो प्रसंग आला. आनंद कुणाही अनोळखी माणसाच्या पाठीवर थाप मारून ‘मुरारीलाल’ म्हणतो आणि लोक वैतागतात. ईसाभाई सुरतवाला मात्र वैतागत नाही. उलट त्यालाच ‘जयचंद’ म्हणून गळ्यात पडतो. इतक्या लोकांत फक्त हा एकच आनंदच्या खेळात सामील होतो. सिनेमाभर हसवणारा हाच माणूस शेवटी रडतो, तेव्हा आपल्यालाही आवरत नाही. किती मिनिटांचं काम असेल? पण ते काढून टाका आणि ‘आनंद’ बघा.

रात्री मी आणखी वाचलं. एक गोष्ट फार आवडली. रविवारी काम न करण्याचा नियम करणाऱ्या पहिल्या काही नटांत त्यांचं नाव घेतात. विनोद अश्लीलतेकडे झुकू लागला, तसं त्यांनी काम कमी केलं. आपली शाळा सुटली, पण मुलांना अमेरिकेत शिकायला पाठवलं. बऱ्याच वर्षांनी कमल हासनच्या ‘चाची ४२०’मध्ये (१९९७) ते परतले, हिरोची ‘चाची’ करून देणाऱ्या मेकअपमनच्या भूमिकेत. २००३मध्ये ते गेले.

सोमवारी मी नव्या लीडशी बोलले. रात्रीचे आणि रविवारचे फोन यापुढे पाळीपाळीने सगळे घेतील, एकटी मी नाही, असं स्पष्ट सांगितलं. त्याने लगेच तक्ता केला. इतकी वर्षं मी हे मागितलंच नव्हतं! पुढच्या वेळी लीडसाठी माझं नावही मीच पुढे करणार आहे. वाईट वाटायचं पूर्ण थांबलंय असं नाही, पण पोह्यांवर जिरावण पुन्हा पडू लागलंय.

या रविवारी घरातल्या मोठ्यांबरोबर ‘आनंद’ बघा, आणि ईसाभाई आले की मुलांना आवर्जून सांगा, हा आपल्या गावचा!

भेटू पुढच्या महिन्यात.