आडनाव हा दस्तऐवज आहे, वंशावळ नव्हे

🧵 १/१०
समाजमाध्यमांवर सध्या एक उद्योग तेजीत आहे: आडनाव सांगा, कूळ घेऊन जा. दोन अक्षरे जुळली की राजवंश हजर. तिसरे जुळले की थेट पुराणपुरुष. या उद्योगाला इतिहास म्हणणे हा इतिहासाचा अवमान आहे. तो कसा, हे एका इंग्रज आडनावाच्या आधारे पाहता येते.

२/१०
पुण्यातील संगम पूल एके काळी वेलस्ली पूल म्हणून ओळखला जाई. आर्थर वेलस्ली, म्हणजे पुढचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन, वसईच्या तहानंतर २० एप्रिल १८०३ रोजी पुण्यात पोहोचला. १२ ऑगस्टला त्याने अहमदनगरचा किल्ला घेतला आणि २३ सप्टेंबरला असईची लढाई जिंकली.

३/१०
पण ‘वेलस्ली’ हे त्याचे जन्मजात आडनाव नव्हते. त्याचे आजोबा जन्माने रिचर्ड कॉली. १७२८ साली गॅरेट वेस्ली या आप्ताची आयर्लंडमधील जहागीर त्यांना मिळाली, ती वेस्ली हे आडनाव लावण्याच्या अटीवर. जमिनीसाठी घराण्याने नाव बदलले.

४/१०
आर्थर १७९७ साली भारतात उतरला तो ‘वेस्ली’ म्हणूनच. १७९८ मध्ये थोरला भाऊ गव्हर्नर-जनरल होऊन आला, आणि त्याने स्वीकारलेले ‘वेलस्ली’ हे भारदस्त, जुने रूप आर्थरनेही उचलले. असईच्या विजेत्याची सही अवघ्या पाच वर्षांपूर्वी निराळी होती. ध्वनिसाम्यावर इतिहास रचणाऱ्यांनी ‘कॉली’वरून त्याला कोळी ठरवायलाही कमी केले नसते!

५/१०
इंग्लंडमध्ये आडनावे वंशपरंपरागत होण्यास १०६६ च्या नॉर्मन विजयानंतर काही शतके लागली. टर्नर म्हणजे लाकूड कातणारा, हिल म्हणजे टेकडीपाशी राहणारा, जॉन्सन म्हणजे जॉनचा मुलगा. धंदा, ठिकाण, बाप: नोंद यांची झाली, रक्ताची नव्हे. दोन टर्नर नातलग असलेच पाहिजेत असे कोणीही शहाणा माणूस म्हणणार नाही.

६/१०
पुण्याचा इतिहास याहून वेगळे सांगत नाही. श्रीवर्धनचे भट पुण्यात ‘पेशवे’ झाले, ते हुद्द्यामुळे. बाळाजी जनार्दन भानू ‘नाना फडणवीस’ झाले, तेही हुद्द्यामुळेच. कटगुणचे गोऱ्हे पुण्यात ‘फुले’ झाले, ते फुलांच्या व्यवसायामुळे. नीरेकाठच्या होळ गावाने होळकरांना नाव दिले. आंबडवे गावाशी नाते सांगणाऱ्या ‘आंबेडकर’ या नावामागे सकपाळ घराणे आहे.

७/१०
आता खराडीचे पाहा. ‘खराद’ म्हणजे लाकूड कातण्याचे यंत्र. गुजरातेत संखेड्याचे रंगीत लाकडी सामान घडवणारे कारागीर ‘खरादी’ म्हणवतात; म्हणजे तिकडचे टर्नरच. मग खराडी हे गाव कातकाम करणाऱ्यांनी वसवले काय? वाक्य मोहक आहे, पण त्यामागे केवळ ध्वनी आहे. जुनी सनद, महसुली नोंद, शिलालेख यांपैकी काहीही न दाखवता असे विधान करणे म्हणजे कानाने इतिहास लिहिणे होय.

८/१०
हा केवळ शब्दांचा खेळ असता तर तो हसून सोडून देता आला असता. परंतु मुळा-मुठेच्या काठी जेथे शेते होती तेथे आज मनोरे उभे आहेत, आणि परगावाहून नोकरीसाठी आलेली तरुण माणसे तेथे भाड्याचे घर शोधतात. ‘आडनाव काय?’ हा पहिल्याच भेटीतला प्रश्न साधा दिसतो. पुष्कळदा त्यामागे जात चाचपण्याचा हेतू असतो. ‘आडनाव म्हणजे कूळ’ हे असत्य त्या चाचपणीला विद्वत्तेचा मुलामा देते.

९/१०
‘मग आडनावाला अर्थच नाही काय?’ हा आक्षेप रास्त आहे. अर्थ निश्चित आहे. पण तो साक्षीदाराचा, न्यायाधीशाचा नव्हे. गाव, हुद्दा, व्यवसाय यांकडे आडनाव बोट दाखवते. पुढचा शोध कागदपत्रांतच घ्यावा लागतो. शिंदे, पवार, जाधव, मोरे, गायकवाड ही आडनावे अनेक जातींत आढळतात. एवढ्यानेच आडनावावरून जात किंवा वंश सिद्ध करणारा तर्क कोसळतो.

१०/१०
म्हणून कुळाचा दावा करणाऱ्या प्रत्येक पोस्टखाली तीन प्रश्न विचारावेत: हे आडनाव कोणत्या साली, कोणत्या कागदात प्रथम दिसते? त्यापूर्वी ते घराणे काय लावीत असे? तेच आडनाव लावणाऱ्या इतरांशी नाते कशाने सिद्ध होते? या प्रश्नांपुढे न टिकणारा दावा पुढे पाठवू नये, आणि त्याच्या भरवशावर कोणाला घराबाहेर तर मुळीच ठेवू नये.