अन्नदान करणाऱ्यांना विनंती: नळीवरच्या रुग्णांचीही आठवण ठेवा

परळला टाटा रुग्णालयाच्या आसपास फूटपाथवर जेवण वाटणारे लोक येतात. पोळी-भाजी, खिचडी, सणावाराला शिरा. त्या रांगेत मीही उभी राहते. माझं पोट भरतं आणि देणाऱ्याला मी मनापासून हात जोडते. पण ज्यांच्यासाठी यवतमाळ जिल्ह्यातून इथवर आले, त्या माझ्या नवऱ्याला त्यातला एक घासही चालत नाही. तंबाखू-सुपारीच्या खर्र्याने जबडा गेला. ऑपरेशन झाल्यापासून दोन महिने नाकात नळी आहे. जे काही पोटात जायचं ते तिच्यातूनच.

मी गावी अंगणवाडी सेविका आहे. लेकरांची वजनं घेऊन तक्त्यावर टिंबं मांडण्यात चौदा वर्षं गेली. आता वहीच्या मागच्या पानावर यांचं वजन लिहिते: 58, 55, 52, या सोमवारी 49. सध्या शेक (रेडिएशन) चालू आहे, आठवड्यातून पाच दिवस, एकूण तीस. वजन असंच उतरत गेलं तर माणूस शेक सोसू शकत नाही, मध्ये खंड पडतो, आणि खंड पडला की उपचाराचा गुण कमी होतो. हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय. म्हणून हे आवाहन घाईचं आहे.

ऑपरेशन महात्मा फुले योजनेतून झालं, त्याबद्दल मी ऋणी आहे. पण वॉर्डातून बाहेर पडल्यावर रोज पोटात काय घालायचं, हे त्या पॅकेजात नसतं. नळी शंभर रुपयांच्या आत मिळते. महाग आहे ते नळीतून जाणारं अन्न. आहारतज्ज्ञ बाईंनी यांना दिवसाला पंधराशे कॅलरी आणि साठ-सत्तर ग्रॅम प्रथिनं सांगितली आहेत. निव्वळ पोषणाच्या तयार पावडरवर भागवायचं तर चारशे ग्रॅमचा डबा दीड दिवसही पुरत नाही. टेम्पो चालवणारा माणूस घरी बसल्यावर, आणि माझी रजा बिनपगारी झाल्यावर, हे कुठून आणायचं?

मग घरचंच करते. नाचणीचं सत्त्व दुधात शिजवायचं, त्यात उकडलेलं अंडं, शिजलेली मूगडाळ, चमचाभर तेल, केळं. मिक्सरमध्ये अगदी गंधासारखं बारीक करायचं आणि मलमलच्या फडक्यातून गाळायचं. एक कण राहिला तरी नळी तुंबते. यांना उशीला टेकवून बसवते. नाकाजवळच्या चिकटपट्टीपाशी नळीवर निळ्या पेनाची खूण आहे, ती जागेवर आहे ना ते आधी बघते. मग पन्नास मिलीची सिरिंज, आतला दांडा काढून, नळीला लावून वर धरायची. फीड आपल्या ओघाने खाली उतरतो, ढकलायचा नाही. आधी पाणी, शेवटी पाणी. नंतर तासभर आडवं होऊ द्यायचं नाही. असं दिवसातून सहा-सात वेळा. काल शेजारच्या खोलीत कुणीतरी फोडणी दिली तेव्हा यांनी डोळे मिटून घेतले आणि पाटीवर लिहिलं, ‘लसूण’.

आमच्यासारखे कितीतरी जण धर्मशाळेत आहेत, काही पुलाखाली आहेत. पुलाखाली मिक्सर कुठून येणार? तिथल्या बायका डाळीचं वरवरचं पाणी, चहा, पातळ सरबत नळीतून देतात. पोट भरल्यासारखं वाटतं, ताकद काहीच मिळत नाही. माणूस कॅन्सरच्या आधी उपासमारीने खंगतो. हे मी रोज बघतेय आणि मला ते सहन होत नाही.

म्हणून अन्नदान करणाऱ्या सगळ्यांना हात जोडून सांगते, तुमच्या रांगेत एक पातेलं नळीवाल्यांचंही ठेवा. दूध द्या, अंडी द्या, नाचणीचं सत्त्व द्या. रुग्णालयाजवळ राहत असाल तर दिवसातून दोनदा मिक्सर आणि गॅस वापरू द्या, फ्रिजमध्ये एक डबा ठेवायला जागा द्या. गणपती मंडळांच्या बैठकांमध्ये महाप्रसादाचा हिशोब होतो, तेव्हा त्यात पावडरच्या वीस डब्यांची तरतूद करा. औषध दुकानदारांनी खरेदीच्या भावात डबा दिला तरी आमचा आठवडा निघतो.

आणखी एक मागणं आहे, ते मागताना जीभ जड होते. ज्यांच्या घरचं माणूस गेलं आणि कपाटात न उघडलेले डबे राहिले, त्यांनी ते टाकू नयेत. मुदत बघून रुग्णालयात आणून द्यावेत.

डबे थेट रुग्णाच्या हातात मात्र देऊ नका. मधुमेह असलेल्याची पावडर वेगळी, मूत्रपिंडाचा त्रास असलेल्याची वेगळी. जवळच्या कॅन्सर रुग्णालयात समाजसेवा विभाग असतो, आहारतज्ज्ञ असतात, त्यांना विचारून त्यांच्यामार्फतच द्या. गावाकडे नळी घेऊन परतलेला रुग्ण असेल तर आशाताईंना विचारा, आणि त्याच्या बायकोला तासभर झोप मिळेल एवढं तिथे जाऊन बसा. नळी निघून आली तर ती घरी घालायला जाऊ नका, दवाखान्यात न्या. फीड देताना खोकला किंवा धाप लागली तर तिथेच थांबवा.

सरकारकडे मागणी आहे की शेक आणि केमो चालू असेपर्यंत नळीचा आहार योजनेत धरावा. त्याला वेळ लागेल हे मला कळतं.

आज यांचा आठवा शेक झाला. बावीस बाकी आहेत. दूध उद्या सकाळपासून हवंय.