डॉक्टर येतीलच एवढ्यात

मराठीत सगळ्यात जास्त वेळा बोलल्या जाणाऱ्या खोट्या वाक्यांची यादी केली, तर ‘डॉक्टर येतीलच एवढ्यात’ हे वाक्य ‘पाच मिनिटांत पोचतो’च्या शेजारी बसेल. दुसरं वाक्य आपण मित्राला सांगतो आणि त्याच्या शिव्या खातो. पहिलं आपल्याला दवाखान्यात ऐकवलं जातं आणि आपण मान डोलावून पुन्हा खुर्चीत बसतो. हा लेख त्या मान डोलावण्याच्या विरोधात आहे.

सरकारी रुग्णालयांच्या ओपीडीबद्दल मी बोलत नाहीये. तिथे माणसंच कमी आहेत, ते भांडण वेगळं. माझं म्हणणं आहे नाक्यावरच्या, तालुक्याच्या बाजारपेठेतल्या खाजगी दवाखान्याबद्दल. एक डॉक्टर, काउंटरवर एक मुलगी, दहा-बारा खुर्च्या आणि भिंतीवर आवाज बंद केलेला टीव्ही. आपल्यापैकी बहुतेकांचा आजारपणाशी पहिला संबंध इथेच येतो.

इथे अपॉइंटमेंट नसते, ‘नंबर’ असतो. फोन केला की सांगतात, ‘तुमचा सतरावा नंबर, सहाला या.’ पहिल्या नंबरालाही सहालाच बोलावलेलं असतं आणि तिसाव्यालाही. डॉक्टर येतात पावणेसातला. मधे दोन एमआर बॅग घेऊन आत जातात, एक ओळखीचे काका ‘फक्त रिपोर्ट दाखवायचाय’ म्हणून घुसतात. सतरावा नंबर बसलेलाच.

याचा हिशेब कुणी मांडत नाही म्हणून मांडतो. समजा एका पेशंटला सहा मिनिटं लागतात आणि संध्याकाळी तीस पेशंट येतात. म्हणजे डॉक्टरांचं काम तीन तासांचं. सगळ्यांना सहालाच बोलावलं आणि डॉक्टर अगदी वेळेवर आले, तरी शेवटचा माणूस १७४ मिनिटं बसतो. तिसांच्या वाट पाहण्याची बेरीज येते साडेत्रेचाळीस तास. एका संध्याकाळची! आता त्याच तिसांना पाच-पाचच्या गटांनी, दर अर्ध्या तासाला बोलवा. बेरीज येते सहा तास. कुणी उशिरा आलं, कुणाला जास्त वेळ लागला, म्हणून ती दुप्पट धरा. तरी बारा तास. डॉक्टरांनी तेवढेच पेशंट तपासले, फीही तेवढीच मिळाली. यासाठी लागतात एक वही आणि एक पेन.

हा शोध काही माझा नाही. ब्रिटनमध्ये नॉर्मन बेली आणि जे. डी. वेल्च यांनी १९५२ साली ‘लॅन्सेट’मध्ये याच प्रश्नावर लिहिलं होतं. त्यांचा उपाय साधा होता. सुरुवातीला दोन पेशंट बोलवा, म्हणजे डॉक्टर रिकामे बसणार नाहीत. मग एका पेशंटला सरासरी जेवढा वेळ लागतो, तेवढ्या अंतराने एकेकाला बोलवा. आणि डॉक्टरांनी वेळेवर यावं. सत्तर वर्षं उलटून गेली. आपल्या नाक्यावर ही बातमी अजून पोचायची आहे.

पोचत नाही, कारण या व्यवस्थेत कुणाचा वेळ वाचवायचा हे आधीच ठरलेलं आहे. डॉक्टरांचं एक मिनिटही वाया जाऊ नये म्हणून बाहेर माणसांचा साठा करून ठेवायचा. शिवाय बाहेरची गर्दी ही फुकटची जाहिरात असते. ‘केवढी गर्दी असते हो त्यांच्याकडे’ हे आपण कौतुकाने सांगतो. खानावळीबद्दल सांगतो तसंच.

यावर दवाखान्यांची ठरलेली उत्तरं आहेत. पहिलं, ‘इमर्जन्सी येते.’ येते ना. छातीत दुखणाऱ्या माणसाला आधी आत घ्यायलाच हवं, त्याबद्दल कुणी तक्रार करत नाही. पण रोज संध्याकाळी न चुकता येणारा पाऊण तासाचा उशीर ही इमर्जन्सी नसते, ती सवय असते. दुसरं, ‘पेशंटच वेळेवर येत नाहीत.’ का येतील? साडेसहाला बोलावलेल्या माणसाला तीनदा साडेआठला आत घेतलंत, तर चौथ्यांदा तो आठलाच उगवणार. ही शिकवणी दवाखान्यानेच दिलेली आहे. तिसरं, ‘आम्ही अ‍ॅप घेतलंय.’ छान. पण डॉक्टर साडेसातला येणार असतील, तर सहाचा स्लॉट अ‍ॅपवर हिरवा दिसला काय आणि वहीत निळ्या पेनने लिहिला काय! खोटं तेच, फक्त नोटिफिकेशनसकट.

वेळ गेला तर काय बिघडलं, असं नोकरीत पगारी रजा असलेल्यांना वाटू शकतं. चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बाईंना विचारा. संध्याकाळची दोन घरं बुडाली की डॉक्टरांची फी दुप्पट होते. आणि खरा तोटा त्याच्याही पुढचा आहे. बीपी आणि डायबेटिस हे न दुखणारे आजार आहेत. गोळी चालू आहे, त्रास काही नाही, मग ‘महिन्याने दाखवा’साठी तीन तास कोण बसेल? माणूस जात नाही. जुन्याच चिठ्ठीवर मेडिकलमधून गोळ्या आणत राहतो. साखर, डोळे आणि किडनी त्यांचं काम गुपचूप करत राहतात. मग काही वर्षांनी डॉक्टर म्हणतात, ‘इतके दिवस कुठे होतात?’ बाहेर होतो, डॉक्टर. खुर्चीवर. कंटाळून उठून गेलो.

वेळेइतकाच गोंधळ निरोपांचा आहे. ‘रिपोर्टमध्ये काही असलं तर आम्ही फोन करू’, हे वाक्य मला ‘येतीलच एवढ्यात’पेक्षा जास्त धोकादायक वाटतं. फोन आला नाही याचे दोन अर्थ होतात. रिपोर्ट चांगला आहे, किंवा तो कुणी पाहिलेलाच नाही. पेशंट पहिला अर्थ धरून निर्धास्त झोपतो. सगळं ठीक असलं तरी एका ओळीचा मेसेज पाठवायला काय हरकत आहे?

तो मेसेज कुठे जातो, हेही बघायला हवं. केसपेपरवर नंबर अनेकदा नवऱ्याचा असतो, मुलाचा असतो, सासऱ्यांचाही असतो. बाईची प्रेग्नन्सी टेस्ट, तिच्या डिप्रेशनच्या गोळ्या, हे सगळं आधी त्या फोनवर पोचतं. ‘रिपोर्ट तुम्हाला कुठल्या नंबरवर पाठवू?’ हा प्रश्न तिला एकटीला विचारायला दहा सेकंद लागतात. आणि काउंटरवरून भर गर्दीत ‘काय होतंय तुम्हाला?’ असं ओरडून विचारणं बंद करायला तेवढेही लागत नाहीत. तिथे ‘ताप’ सांगता येतो. ‘पाळी चुकलीये’ सांगता येत नाही.

इथे काउंटरवरच्या मुलीला झोडपणं सोपं आहे. ते चूक ठरेल. फोन उचलणं, नंबर लावणं, फी घेणं, फाइल शोधणं, सुट्टे देणं आणि डॉक्टरांच्या वतीने खोटं बोलणं, सगळं तिच्याकडे. पगार तुटपुंजा आणि प्रशिक्षण शून्य. दार उघडून ‘आज दीड तास उशीर होईल’ असं खरं सांगण्याची मुभा तिला कुणी दिलेलीच नाही. ती मुभा देणं हे डॉक्टरांचं काम आहे.

डॉक्टरांची बाजूही खरी आहे. रात्री अकराला व्हॉट्सअ‍ॅपवर रिपोर्टचा अंधुक फोटो आणि खाली ‘सर प्लीज बघा’. असे मेसेज रोज आले तर कुणाचंही डोकं फिरेल. पण मार्च २०२०च्या केंद्राच्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक सूचनांनी फोन, व्हिडिओ आणि मेसेजवरून सल्ला द्यायला आणि त्याची फी घ्यायला मान्यता दिलेली आहे. दुपारी दोन ते तीन मेसेजची वेळ, एवढी फी, अशी पाटी लावा. आम्ही देऊ. फुकट सल्ला मागणं हा आपला दोष आहे आणि तो आपणच सोडायला हवा.

बदल्यात मागायचं ते इतकंच. अर्ध्या अर्ध्या तासाचे गट करा. उशीर होणार असेल तर घरून निघायच्या आधी मेसेज पाठवा. रिपोर्ट चांगला असो वा वाईट, कळवा, आणि ज्याचा आहे त्यालाच कळवा. एमआरना पेशंट संपल्यावर भेटा. यासाठी ना सर्व्हर लागतो, ना स्टार्टअप.

आणि आपणही एक करायला हवं. पुढच्या वेळी ‘सहाला या’ ऐकलं की फोन ठेवू नका. विचारा, ‘माझ्या आधी किती जण आहेत? डॉक्टर खरंच किती वाजता येतात?’ आवाज न चढवता विचारा, पण दर वेळी विचारा. एकाने विचारलं तर तो आगाऊ ठरेल. रोज वीस जणांनी विचारलं, तर काउंटरवरची मुलगीच एक दिवस आत जाऊन सांगेल, ‘सर, लोकांना काय सांगू?’