दिवसाचा भाव, रात्रीची पाळी

३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर-सोलापूर ही ७६५ किलोव्होल्टची वाहिनी चालू झाली आणि दक्षिणेचे वीजजाळे बाकीच्या देशाशी एकाच ठेक्यात धावू लागले. त्याआधी महाराष्ट्रातून दक्षिणेत वीज जायची ती चंद्रपूर जिल्ह्यातल्या भद्रावतीसारख्या ठिकाणी आधी डीसी करून, मग पुन्हा एसी करून, आणि तीही मोजकीच. तारा अपुऱ्या, म्हणून पॉवर एक्स्चेंजवर, म्हणजे विजेच्या घाऊक बाजारात, दक्षिणेला चढा भाव पडायचा. ती दरी पुढे बरीच बुजली. जानेवारी २०२६ मध्ये याच बाजाराची आणखी एक दुरुस्ती व्हावी, असे केंद्रीय वीज नियामक आयोगाने ठरवले होते. तिच्याकडे येऊच. आधी माकणीला जाऊ.

लोहारा तालुक्यातले माकणी तेरणा नदीवरच्या निम्न तेरणा धरणामुळे लोकांना ठाऊक आहे. २०२५ च्या सप्टेंबरमधल्या अतिवृष्टीने धाराशिव जिल्ह्यातला खरीप धुऊन नेला, त्यामुळे साऱ्यांची भिस्त रब्बीवर आली. हरभरा, ज्वारी, गहू आणि जिथे तिथे ऊस. पाण्याची ओरड असलेल्या या भागात ज्या वर्षी विहिरीत पाणी असते, त्या वर्षी प्रश्न एकच उरतो: थ्री फेज लाईट कधी येणार? राज्यातल्या शेतीच्या फिडरना ती साधारण आठ तास मिळते आणि पाळीने मिळते, कधी दिवसा, कधी रात्री. रात्रीची पाळी असली की डिसेंबरच्या थंडीत बॅटरी घेऊन दारे धरायला जावे लागते. साप, विंचू, रानडुकरे आणि ओल्या हातांनी हाताळायचा स्टार्टर यांची शेतकऱ्याला सवय झाली आहे, असे आपण म्हणतो. सवय झाली नाही, इलाज नाही एवढेच.

ही रात्रपाळी आली कुठून? कोळशावरचा संच हवा तेव्हा बंद, हवा तेव्हा चालू करता येत नाही. दिवसभर कारखाने, संध्याकाळी घरे, आणि मध्यरात्री मागणी कोसळायची. तेव्हा उरलेली वीज खपवायला शेतीपंप सोयीचे होते. रात्रीची वीज स्वस्त, म्हणून शेतीला रात्रीची. हिशेब निष्ठुर होता, पण त्या काळात चूक नव्हता. चूक पुढे झाली. वीज स्वस्त असण्याची वेळ बदलली आणि वेळापत्रक तसेच राहिले.

हे बाजारच सांगतो आहे. २००३ च्या वीज कायद्याने घाऊक बाजाराचा रस्ता मोकळा केला. २००८ मध्ये इंडियन एनर्जी एक्स्चेंज आणि पाठोपाठ पॉवर एक्स्चेंज इंडिया सुरू झाले; पुढे तिसरेही आले. बाजार समितीत सोयाबीनचा लिलाव होतो तेव्हा ज्याच्या त्याच्या मालाला वेगळा भाव मिळतो. इथे तसे नाही. उद्याच्या दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे ९६ तुकडे पाडतात. प्रत्येक तुकड्यासाठी विकणाऱ्यांच्या बोली स्वस्ताकडून महागाकडे आणि घेणाऱ्यांच्या महागाकडून स्वस्ताकडे लावतात. दोन्ही जिथे गाठ घेतात तो भाव सगळ्यांना लागू. पाच रुपयांवर गाठ पडली तर दोन रुपयांत वीज काढणाऱ्यालाही पाच मिळतात. हे ऐकून पहिल्यांदा कुणालाही राग येतो. पण प्रत्येकाला त्याच्याच बोलीचा भाव दिला, तर जो तो शेवटची बोली काय असेल याचा अंदाज बांधत खोटा आकडा टाकेल. सगळ्यांना एकच भाव असला की खरा खर्च सांगण्यातच विकणाऱ्याचा फायदा. शिवाय सोयाबीन पडत्या भावात गोदामात ठेवता येते. विजेला आजवर पुरेसे गोदाम नव्हते, बॅटऱ्या आता कुठे येताहेत. म्हणून या बाजारात वेळ हाच मालाचा दर्जा.

जून २०२० पासून त्याच दिवशीच्या खरेदी-विक्रीचा रिअल टाइम बाजारही आहे. मे २०२५ मधल्या एका रविवारी तिथे भर दिवसा काही तुकड्यांत भाव शून्यावर आला. कारखान्यांना सुट्टी होती आणि सौर वीज घ्यायला कोणी नव्हते. तोच बाजार उन्हाळ्यातल्या संध्याकाळी दहा रुपयांच्या कमाल मर्यादेला जाऊन टेकतो. एप्रिल २०२२ आधी ही मर्यादा वीस रुपये होती. त्या मार्चमध्ये भाव वीसपर्यंत पोहोचले, तेव्हा आयोगाने ती बारावर आणली आणि वर्षभराने दहावर. भाव इतक्या स्पष्टपणे सांगतो आहे की दुपारी वीज वापरा. ते ऐकणे माकणीच्या शेतकऱ्याच्या हातात नाही, कारण फिडर कधी चालू करायचा हे तो ठरवत नाही.

बाजारावर भाबडा विश्वास ठेवा असे आमचे म्हणणे नाही. महाराष्ट्राला तर या विषयाचे दोन्ही धडे एकाच कंपनीकडून घेता आले असते. ८ डिसेंबर १९९३ रोजी, किल्लारीच्या भूकंपाला जेमतेम सव्वादोन महिने होत असताना, राज्य वीज मंडळाने एन्रॉनच्या दाभोळ कंपनीशी खरेदीकरार केला. स्पर्धात्मक निविदा नाही, दर डॉलरशी बांधलेला, आणि वीज घ्या न घ्या, क्षमतेचे पैसे द्यायचेच. १९९९ मध्ये पहिला टप्पा सुरू झाला, नाफ्था महागला, युनिट सात रुपयांच्या पुढे गेले आणि मे २००१ मध्ये मंडळाने खरेदी थांबवली. त्याच सुमारास कॅलिफोर्नियात उलटा प्रयोग चालला होता. तिथल्या वितरण कंपन्यांना जवळजवळ सगळी वीज रोजच्या बाजारातूनच घ्यायला लावली होती. तिथे एन्रॉनच्याच दलालांनी वाहिन्यांवर खोटी गर्दी दाखवण्यासारखे डाव खेळून भाव फुगवले, लोकांच्या घरात अंधार झाला आणि तिथली एक मोठी वितरण कंपनी एप्रिल २००१ मध्ये दिवाळखोरीत गेली. एका ठिकाणी बाजारच नव्हता, दुसऱ्या ठिकाणी बाजाराशिवाय काही नव्हते. नफेखोराला दोन्ही मानवले.

आपण आज या दोन टोकांच्या मध्ये आहोत, पण पहिल्या टोकाच्या जास्त जवळ. देशातली बहुतांश वीज अजून दीर्घ मुदतीच्या करारांतून जाते; एक्स्चेंजवर येते ती दहा टक्क्यांच्या आत. २०२१ मध्ये केंद्राने सगळीच वीज एका सामाईक लिलावातून नेण्याचा आराखडा मांडला. राज्यांना आपला हक्क जाण्याची आणि रोख पैसे आगाऊ मोजावे लागण्याची भीती वाटली, आणि तो मागे पडला. मग २०२५ मध्ये आली ती, सुरुवातीला म्हटलेली, त्यामानाने छोटी दुरुस्ती. २३ जुलै २०२५ च्या आदेशाने केंद्रीय आयोगाने तिन्ही एक्स्चेंजवरच्या आगाऊ बाजाराच्या बोली एकत्र करून एकच भाव काढायचे ठरवले. हे काम एक्स्चेंजांनी आळीपाळीने करायचे. जवळजवळ सगळा व्यवहार ज्या इंडियन एनर्जी एक्स्चेंजवर होतो, त्याचा शेअर दुसऱ्या दिवशी तीस टक्क्यांच्या आसपास आपटला आणि ते न्यायाधिकरणात गेले. निर्णय आधीच फुटला आणि त्यावर काहींनी शेअर बाजारात हात धुऊन घेतले, असा ठपका सेबीने ऑक्टोबरमधल्या अंतरिम आदेशात ठेवला. बाजाराचे नियम लिहिणाऱ्या कचेरीभोवतीच असा संशय फिरावा, हे बोलीच्या गणितापेक्षा जास्त काळजीचे आहे.

दुरुस्तीला आमचा विरोध नाही. तीन दुकानांपेक्षा एका ठिकाणी भाव निघणे बरे. पण सगळे लक्ष विकणाऱ्यांच्या स्पर्धेवर आहे आणि घेणारा जसाच्या तसा आहे. ६ जून २००५ ला वीज मंडळाचे तुकडे झाले तेव्हा खरेदीची जबाबदारी महावितरणकडे आली. दीर्घ करारांतला स्थिर आकार तिला द्यावाच लागतो, मग संच बंद ठेवायला सांगितला तरी. शिवाय शेतीला नक्की किती वीज जाते, याचाच तिचा हिशेब वादग्रस्त आहे. राज्य वीज नियामक आयोगाने नेमलेल्या कार्यगटाच्या अभ्यासातही शेतीचा वापर फुगवून दाखवला जात असल्याचे पुढे आले होते. आपला खप किती हे ज्या खरेदीदाराला धड ठाऊक नाही, तो बाजारात शहाणी बोली कशी लावणार? गळतीचे माप पंपाच्या नावावर टाकणे सोपे जाते, कारण साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपाचे बिल एप्रिल २०२४ पासून सरकार भरते आणि शेतकरी बिल उघडून पाहत नाही.

मोफत वीज चूक की बरोबर, हा वेगळा अग्रलेख. इथे इतकेच की दोन एकरांच्या धन्याने पंधरा मिनिटांचे भाव बघत मोटार चालवावी, ही अपेक्षा वेडेपणाची आहे. त्याला भाव कळायची गरज नाही, त्याला स्वस्त वेळ मिळायला हवी. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा खरा अर्थ हाच. उपकेंद्राच्या जवळ सौर प्रकल्प, तीन रुपयांच्या आसपास युनिट, आणि शेतीचा फिडर दिवसा चालू. तिच्या दुसऱ्या टप्प्यात १६,००० मेगावॉटचे उद्दिष्ट आहे आणि सर्व शेतकऱ्यांना दिवसा वीज देण्यासाठी सरकारने २०२६ अखेरची मुदत सांगितली आहे.

महावितरणचे अभियंते यावर एक रास्त अडचण सांगतात. एका उपकेंद्रावरचे सगळे शेती फिडर एकदम दुपारी चालू केले तर रोहित्र तो भार पेलणार नाही, म्हणून पाळी लागते. मान्य. पण मग उपकेंद्राची क्षमता वाढवण्याचा खर्च आणि संध्याकाळी-रात्री महाग वीज घेण्याचा खर्च शेजारी शेजारी मांडा. सौर प्रकल्प जिथे रखडले आहेत तिथे का रखडले, जमिनीसाठी की वाहिनीसाठी, तेही सांगा. एक्स्चेंजचा भाव रोज जाहीर होतो, कुणालाही पाहता येतो. फिडरनिहाय थ्री फेज कोणत्या तासांत दिली, ही नोंदही महावितरणकडे असतेच. राज्य आयोगापुढे येणाऱ्या दरयाचिकेत या दोन नोंदी एका तक्त्यात द्यायला आयोगाने महावितरणला फर्मावावे: रात्री दोन वाजता लोहाऱ्याच्या शेती फिडरला दिलेली वीज कोणत्या भावाची होती, आणि त्याच दिवशी दुपारी दोन वाजता बाजारात ती केवढ्याला पडून होती.