आठ आण्यांचा प्रश्न

संगणकाला आज्ञा देण्याच्या ज्या भाषा आहेत, त्यांचींही नवीं रूपें निघत असतात. ‘पायथॉन’ ही त्यांपैकीं एक. तिचें तिसरें रूप डिसेंबर २००८ मध्यें निघालें, आणि १ जानेवारी २०२० पासून दुसऱ्या रूपाची देखभाल बंद झाली.

त्याच वर्षीं डोंबिवलीच्या आमच्या पुतण्याकडे ठाण्यांतील एका पतपेढीची व्याज-आकारणी नव्या रूपांत नेण्याचें काम आलें. अशा आज्ञावलीसोबत कसोट्यांची यादी असते: अमुक रक्कम दिली, तर अमुक उत्तर आलें पाहिजे. जुन्या रूपांत सारीं उत्तरें जुळत होतीं. नव्यांत कांहीं चुकूं लागलीं. ११२ रुपये ५० पैशांचे पूर्वीं ११३ रुपये होत, ते आतां ११२ झाले. मौज अशी कीं, ११३ रुपये ५० पैशांचे दोहोंकडे ११४ च येत!

सोबती म्हणाला, “कसोटींतला आंकडाच बदल, म्हणजे झालें.” मुदत संपत आली होती; मोह मोठा होता.

रविवारीं कल्याणहून आमचे थोरले बंधु आले. सारा जन्म हिशेबांत गेलेला. हकीकत ऐकून त्यांनीं एवढेंच विचारलें, “अरे, हा अर्धा रुपया कोणाचा, हें तुझें यंत्र ठरवितें कीं पतपेढी?”

“पतपेढीच, काका,” असें म्हणून पुतण्यानें भाषेचें नियमपुस्तक उघडलें, तेव्हां उलगडा झाला. बरोबर अर्धा उरला कीं जुनें रूप व्याजाची रक्कम वर नेई. नवें रूप जवळच्या सम संख्येकडे नेतें. ११२ सम, म्हणून तेथेंच थांबावयाचें. ११३ विषम, म्हणून ११४ वर जावयाचें. अनेक रकमांची बेरीज एकाच बाजूस झुकूं नये, हा त्या रीतीचा हेतु. परंतु पतपेढीचा नियम अर्धा रुपया ठेवीदाराच्या पदरांत टाकावा असा होता, आणि तो आज्ञावलींत कोठें लिहिलाच नव्हता. जुन्या भाषेच्या संवयीवर तो आपोआप पाळला जात होता. पायथॉनमध्यें दशमान हिशेबाचें निराळें साधन आहे. त्यांत ‘अर्धा वर न्यावा’ असें स्पष्ट लिहितांच साऱ्या कसोट्या जुळल्या. आंकडा बदलला असता, तर ठेवीदाराचे आठ आणे मुकाट्यानें गेले असते.

एकत्र कुटुंबांतही कित्येक गोष्टी ‘आपल्याकडे असेंच असतें’ यावर चालतात. घरांत नवी सून आली म्हणजे कळतें कीं, त्या कोणीं कधीं बोलूनच दाखविल्या नव्हत्या. तिच्या चुका मोजण्याआधीं आपण तिला काय सांगितलें होतें, तें आठवून पाहावें.