धुऱ्याचे भांडण

पौष लागला, धानाचे पुंजणे मळून पोती भरली गेली, आणि शेजारच्या राईस मिलमधून उडणारा बारीक कोंडा खिडकीवाटे येऊन टेबलावरच्या गठ्ठ्यावर बसू लागला, म्हणजे बारावीच्या सराव परीक्षेचे पेपर तपासण्याचे दिवस आले असे मी समजतो. यंदा गठ्ठ्यात ६३ उत्तरपत्रिका आहेत, आणि ‘१८१७-१८ च्या इंग्रज-मराठा युद्धाची कारणे सविस्तर लिहा’ हा आठ गुणांचा प्रश्न त्यांतील ५१ जणांनी सोडवला आहे. कारण त्याचे टाचण मी स्वतः वर्गात सांगितले होते, आणि हा प्रश्न येणार असा सुगावा, माझ्या चेहऱ्यावरून म्हणा की जुन्या खोडीवरून म्हणा, मुलांना आधीच लागला होता.

पहिल्या वीस उत्तरांचा आरंभ एकाच वाक्याने झाला होता. हे कोणत्या गाईडातून उतरवले म्हणून संतापाने लाल रेघ ओढणार, तोच स्मरले की ते वाक्य माझेच आहे. सांगणाऱ्याच्या तोंडून ऐकणाऱ्याच्या वहीत आणि वहीतून पेपरात जाताना टाचणाचे जे हाल होतात तेही यथासांग झाले होते. तैनाती फौजेची ‘तयारीची फौज’ झाली होती, आणि एका उत्तरात वसईच्या तहाचे ‘वसईचे तळे’ झाले होते. ज्या जिल्ह्यात गावोगाव मालगुजारी तलाव आहेत, तेथील मुलाला तहापेक्षा तळे जवळचे वाटावे यात त्याचा दोष काय?

टाचणात कारणांचे पाच खण असतात: राजकीय, आर्थिक, सामाजिक, लष्करी आणि तात्कालिक. पेशवाई बुडाल्याला शंभर वर्षे झाली तेव्हा, १९१८ साली, न. चिं. केळकरांना या विषयावर ‘मराठे व इंग्रज’ हा ग्रंथ लिहावा लागला. आमच्या मुलांनी तो दीड पानात आणि अर्ध्या तासात आटोपावा अशी आमची अपेक्षा असते, तेव्हा खणांवाचून निभाव लागणे कठीणच. पण या पाचांतला शेवटचा खण मला दरवर्षी छळतो. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली, तर फांदी मोडल्याचे तात्कालिक कारण म्हणून कावळ्याची नोंद करावी, तशातला हा प्रकार आहे.

एका मुलीने या खणात लिहिले, ‘आप्पासाहेब भोसल्यांनी नवीन कपडे घातले म्हणून इंग्रज चिडले.’ मी मोठ्याने हसलो, पेन उचलले, आणि मग ते तसेच हातात धरून बराच वेळ बसलो. १३ जून १८१७ च्या पुण्याच्या तहाने मराठी राज्यमंडळाचे प्रमुखपद आपण सोडले असे इंग्रजांनी पेशवे बाजीरावाकडून लिहून घेतले होते. नागपूरकर आप्पासाहेबांनी स्वतः १८१६ च्या मे महिन्यात तैनाती फौजेचा तह पत्करला होता. असे असता, नोव्हेंबरच्या ५ तारखेला खडकीची लढाई होऊन पुण्यात युद्ध पेटलेले असताना, त्याच पेशव्याने पाठविलेली खिलत, म्हणजे मानाचा पोशाख, आणि किताब रेसिडेंट जेंकिन्स याने हरकत घेतल्यावरही नागपूरच्या भर दरबारात स्वीकारणे, याचा अर्थ तो तहनामा आपण मानीत नाही असे सर्वांदेखत जाहीर करणे हाच होता. दोनच दिवसांनी, २६ नोव्हेंबरच्या संध्याकाळी, सीताबर्डीच्या टेकडीवर गोळी सुटली. तेव्हा त्या कपड्यांचे वजन एखाद्या खलित्याहून कमी नव्हते. मुलीने फक्त शिलाई पाहिली, सनद पाहिली नाही. तिला त्या खणाचा गुण दिला.

मग ज्या उत्तरासाठी हे सदर लिहितो आहे ते हाती आले. कामठ्याकडच्या एका मुलाचे. रोवणीत पंधरा दिवस आणि कापणीत तीन आठवडे ज्याची हजेरी कोरी असते असा हा विद्यार्थी. त्याच्या उत्तरात खण नाहीत, ठळक मथळे नाहीत. ‘आमच्या गावात धुऱ्यावरून भांडण होते,’ असा आरंभ करून त्याने लिहिले होते की खरे भांडण धुऱ्याचे नसते, पाण्याचे असते. तलावाची मोरी ज्याच्या हाती तो कधी भांडायला येत नाही. तो पाणी देतो, देण्याबद्दल उपकार सांगतो, दर साली थोडे कमी देतो, आणि खालच्या बांधीवाल्याने कावून एक दिवस धुरा फोडला की पंचांना बोलावून तो फुटका धुरा दाखवितो. ‘इंग्रजांनी राजांना फौज दिली आणि खर्च राजांकडून घेतला. आपल्यावर पहारा करणाऱ्याचा पगार आपणच द्यायचा. मग धुरा फुटणारच.’

ही वाक्ये मी तीन वेळा वाचली. कुंभाराची काठी हे घटाचे निमित्तकारण आणि माती हे उपादानकारण, हा भेद आम्ही तर्कशास्त्राच्या पुस्तकातून घोकला; याला तो बांधीच्या चिखलात सापडला होता.

परंतु परीक्षकाला भारावून जाण्याची मुभा नाही. या मुलाने वसईचा तह लिहिला नाही, पेंढाऱ्यांचे नाव घेतले नाही, १८१५ साली पंढरपुरात झालेला गंगाधरशास्त्र्यांचा खून त्याला ठाऊक नाही, आणि सीताबर्डीची लढाई त्याने १८५७ सालात नेऊन ठेवली आहे. शिवाय उपमेत अडकून त्याने बाजीरावाला अगदी निरपराध बांधीवाला करून टाकले, हेही मला मान्य नाही. उरलेल्या पन्नास जणांनी आम्ही सांगितले ते इमानाने पाठ केले. त्यांच्यावर अन्याय करून याला आठ गुण देता येत नाहीत. नमुना उत्तराप्रमाणे हिशेब केला तर याला दोन पडतात. मी पाच दिले आणि समासात लिहिले, ‘सालवारी शिक. वसईचा तह, ३१ डिसेंबर १८०२.’

उत्तराच्या शेवटी त्याने उलट मलाच एक प्रश्न घातला होता: ‘सर, आमच्या कामठ्याचा पटेल कशासाठी लढला?’ मार्च १८१८ मध्ये आप्पासाहेब कैद झाले, मे महिन्यात पहाऱ्यातून निसटून महादेवाच्या डोंगरात गेले, आणि त्याच वर्षी कामठ्याचे जमीनदार चिमणा पटेल त्यांच्या पक्षाने उठले. कॅप्टन गॉर्डनच्या तुकडीने कामठा घेतला. एवढे मी त्याला सांगितले. पण हे ‘काय झाले’ याचे उत्तर आहे, ‘कशासाठी’चे नाही. धन्याची निष्ठा, वसुलीचा जाच, की त्या मुलाच्या भाषेत मोरी कोणाच्या हाती गेली याचा राग? गोऱ्या अंमलदारांनी लिहिलेल्या अहवालांत बंडखोराची कैफियत त्याच्या शब्दांत सहसा मिळत नाही.

म्हणून कामठा, आमगाव, सालेकसा या भागातील वाचकांना एक विनंती आहे. जमीनदारी आणि मालगुजारी १९५१ साली गेली, पण त्या काळची दप्तरे अजून काही घरांच्या माळ्यावर असतील: सनदा, मोडी पत्रे, वसुलीच्या वह्या, तलावाच्या पाण्याचे हक्क नोंदलेले वाजिब-उल-अर्ज. वाळवीने निकाल लावण्यापूर्वी ती खाली काढावीत आणि आपल्या गावच्या शाळेत एक दिवस आणून मुलांना दाखवावीत. मोडी वाचायला मी येईन.