दोष उपकरणाचा, बदनामी लिनक्सची

१/८
आमच्या जयसिंगपुरात गल्ल्यांना क्रमांक आहेत. राजर्षी शाहू महाराजांनी आपले जनक पिता जयसिंगराव घाटगे यांच्या नावाने वसवलेले हे आखीव गाव. संगणकाच्या इतिहासातील एक अन्याय समजावून घ्यायला या गल्ल्या उपयोगी पडतील.

२/८
समजा, एका गल्लीत १० घरे आहेत आणि त्यांचे क्रमांक शून्यापासून सुरू होतात. शेवटच्या घराचा क्रमांक अर्थातच ९. पोस्टमनने विचारले, “शेवटच्या घराचा क्रमांक काय?” उत्तर आले, “१०.” सांगणाऱ्याने क्रमांकाऐवजी घरांची संख्या सांगितली. आता पोस्टमन नसलेले घर शोधत फिरणार.

३/८
यूएसबी उपकरणांत हेच घडले. संगणकाने क्षमता विचारली की उपकरणाने शेवटच्या सेक्टरचा क्रमांक सांगावा, असा नियम आहे. ॲपलचे आयपॉड आणि नोकियाचे काही फोन एक आकडा जास्त सांगत. लिनक्स त्या नसलेल्या सेक्टरकडे गेले की त्रुटी येई. अशी काही उपकरणे तर पार गोठून जात. वापरणारा म्हणे, “लिनक्सच खराब!”

४/८
हा आरोप मला मान्य नाही. लिनक्सच्या मुक्त संहितेत अशा विक्षिप्त उपकरणांची यादीच आहे. उत्पादकाचा क्रमांक, उपकरणाचा क्रमांक, आवृत्ती आणि त्यावरचा उपाय: ‘याच्या उत्तरातून एक वजा करा.’ अनेक नोंदींवर दोष कळवणाऱ्याचे नावही आहे. बंद ड्रायव्हरमध्ये असा उपाय केला, तरी तो जगाला दिसत नाही. उत्पादकाची अब्रू शाबूत राहते.

५/८
१९९४ साली पेंटियमचा भागाकार चुकतो, हे गणिताचे प्राध्यापक थॉमस नाइसली यांनी उघडकीस आणले. इंटेलला ते आधीच ठाऊक होते! गदारोळ झाल्यावरच कंपनीने सर्वांना चिप बदलून देण्याचे मान्य केले; ४७.५ कोटी डॉलरचा फटका बसला. त्या दोषाला इतिहासात जागा मिळाली ती गाजावाजामुळे. लहान दोषांसाठी कोण ओरडणार?

६/८
वि. का. राजवाडे यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला, तो बखरींपेक्षा अस्सल पत्रांवर भिस्त ठेवून. कंपन्यांची माहितीपत्रके ही बखर होय. धन्याची स्तुती हाच तिचा हेतू. ड्रायव्हरमधील ही यादी म्हणजे अस्सल कागद.

७/८
आक्षेप येतो: अशा अपवादांनी संहिता कुरूप होते, जुने काढून टाका. कुरूप होते, हे खरे. पण ती कुरूपता उपकरणाची आहे; ड्रायव्हर फक्त आरसा धरतो. नोंद पुसली, तर दोष जात नाही. चालते उपकरण तेवढे भंगारात जाते. मात्र संहिता लिहिणाऱ्यांनाही एक बजावले पाहिजे: कारण न लिहिता केलेला अपवाद हा तारीख नसलेल्या पत्रासारखा असतो. पुढचा माणूस त्याला हात लावायलाही धजत नाही.

८/८
इतिहासप्रेमी मित्रांनो, किल्ल्यांइतकेच हेही तुमचे क्षेत्र आहे. शाळेतील जुना संगणक भंगारात जाण्यापूर्वी त्यातील उपकरणांचे क्रमांक टिपा, दोष लिहा, तारीख घाला. आणि कंपन्यांना ठणकावून विचारा: तुमच्या चुका आम्ही निस्तरायच्या, तर त्या लपवण्याचा अधिकार तुम्हाला कोणी दिला?